फुगलेल्या तक्त्यांचा धडा

शाळेमागील जुने गॅरेज तुम्हांस ठाऊक आहेच. तेथे हस्तव्यवसायाची खोली व्हावी म्हणून पालकांनी वर्गणी दिली, आणि चिऱ्यांच्या ओबडधोबड भिंतींवर प्लायवूडचे दहा तक्ते बसविण्यात आले. एका पावसाळ्यातच तक्ते फुगले, सांधे उघडले व कोपऱ्यांत बुरशी आली. आणखी दोन खिळे मारून वर रंग द्यावा, असे प्रथम आम्हीच सुचविले होते. परंतु आमच्या वृद्ध मेस्तांनी (कोकणीत सुतारास आम्ही मेस्त म्हणतो) एक तक्ता उतरविला व मागचे दोष दाखविले. ते तुम्हांसही कळावेत, म्हणून येथे देत आहोत.

पहिला दोष ओलाव्याचा. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. दिव्याची वात तेल ओढते, तसा तो जमिनीतील पाणी वर ओढतो. यासच केशाकर्षण म्हणतात. गोव्यात तर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. लाकूड ओलाव्याने लांबीपेक्षा रुंदीत पुष्कळ अधिक फुगते. प्लायवूडचे पातळ थर एकमेकांशी काटकोनात चिकटविलेले असल्याने हे फुगणे आवरले जाते. तथापि पाठ भिजली आणि तोंड कोरडे राहिले, तर तक्ता वाकतो. आम्ही भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी घट्ट चिकटविला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूस थेंब दिसले. अर्थात पाणी भिंतीतूनच येत होते.

दुसरा दोष गणिताचा. तक्ता ८ फूट उंच व ४ फूट रुंद, म्हणजे ४८ इंच. तो ज्या उभ्या रिपांवर ठोकला, त्या १८ इंचांच्या अंतराने होत्या : १८, ३६, ५४. तक्त्याची कड आली ४८ वर. तेथे रीपच नाही! सांधा अधांतरी राहिला. अंतर १६ इंच घेतले, की १६, ३२, ४८ असा हिशेब बरोबर जुळतो.

तिसरा दोष दाटीचा. तक्ते एकमेकांस व जमिनीस चिकटून होते. फुगण्यास जागाच नव्हती.

मग दुरुस्ती आरंभिली. भिंतीबाहेर साचणारे पाणी चर खणून दूर नेले. उन्हाळाभर भिंत उघडी ठेवून वाळविली. नंतर ओळंबा धरून रिपा लावल्या. जेथे भिंत आत गेली होती, तेथे रिपेमागे पाचर दिली. दोन तक्त्यांमध्ये ३ मिलिमीटर फट ठेवली. मागे हवा खेळावी म्हणून खाली व वर अर्धा अर्धा इंच मोकळा सोडला. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरले, म्हणजे तपासणीसाठी तक्ता सहज काढता येईल.

पुढील पावसाळ्यात दर शनिवारी आम्ही ओळंबा लावून पाहिला. तक्ते जागचे हलले नाहीत. दहांपैकी सात पुन्हा उपयोगी पडले. तीन मात्र टाकावे लागले, आणि त्यांच्यासाठी पालकांपुढे पुन्हा हात पसरावा लागला. ही आमच्या उतावळेपणाची किंमत होय. त्यांतील एक तक्ता आम्ही खोलीत मुद्दाम ठेवला आहे. त्याचे सुटलेले थर एकदा हाताने चाचपून पाहा.