गंजणारी सुरी महाग का विकली जाते?

स्टेनलेस स्टीलची सुरी कोणत्याही भांड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळते. ती ओली राहिली तरी तिचे फारसे बिघडत नाही. जपानमध्ये हाताने घडवलेली कार्बन पोलादाची सुरी मात्र थोडा वेळ ओली ठेवली की तिच्यावर तांबूस ठिपके उमटू लागतात. तरीही ती कित्येक पट जास्त दामाने विकली जाते आणि जगभरचे आचारी ती शोधून घेतात. ज्या मालात उघड उघड एक उणीव आहे तो इतका महाग का विकावा? हा प्रश्न आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांनी अभ्यासण्यासारखा आहे.

पोलादाचा गुण

या सुऱ्यांचे नावाजलेले पोलाद जपानच्या शिमाने प्रांतातील यासुगी येथे तयार होते. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक 'शिरोगामी' म्हणजे पांढरा कागद आणि दुसरा 'आओगामी' म्हणजे निळा कागद. हे रंग पोलादाचे नव्हेत. प्रकार ओळखता यावा म्हणून त्यावर ज्या रंगाचा कागद लावत, त्यावरून ही नावे पडली. शिरोगामी क्रमांक 2 मध्ये कार्बन सुमारे 1.1 टक्का असतो आणि इतर भेसळ अगदी कमी असते. आओगामीत थोडे क्रोमियम व टंगस्टन मिसळतात, त्यामुळे धार अधिक दिवस टिकते.

स्टेनलेस पोलादात साधारण साडेदहा टक्के किंवा त्याहून अधिक क्रोमियम असते, म्हणून ते गंजत नाही. शिरोगामीत ते जवळजवळ नसतेच आणि आओगामीत गंज रोखण्याइतके नसते. पण याच साधेपणामुळे हे पोलाद दगडावर लवकर घासले जाते आणि त्याला अतिशय बारीक धार येते. म्हणजे गुण आणि उणीव दोन्ही एकाच कारणातून आलेले आहेत.

अनेक हातांचे काम

ओसाका शहराच्या दक्षिणेला साकाई हे या धंद्याचे जुने गाव आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर जपानमध्ये तंबाखू आला. पुढे तंबाखू कापण्याच्या साकाईच्या सुऱ्या इतक्या गाजल्या की त्या काळच्या सरकारने त्यांना खास शिक्का दिला. 1982 साली जपान सरकारने साकाईच्या घडीव हत्यारांना पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली.

येथे एकच माणूस सगळी सुरी करीत नाही. लोहार पाते घडवतो, धारवाला त्याला आकार व धार देतो आणि तिसरा कारागीर मूठ बसवतो. मूठ बहुधा हलक्या मॅग्नोलिया लाकडाची असून तिच्या तोंडाशी म्हशीच्या शिंगाचे कडे असते. प्रत्येक जण आयुष्यभर एकच काम करतो, म्हणून त्यात तरबेज होतो.

लोहार मऊ लोखंडावर कठीण पोलादाची पट्टी ठेवून भट्टीत तापवतो व ठोकून एकजीव करतो. मऊ लोखंड मार सोसते, पोलाद धार धरते. नंतर पाते तापवून पाण्यात बुडवतात, म्हणजे आपल्या भाषेत हत्याराला पाणी देतात. तापलेल्या पात्याचा रंग नीट पारखता यावा म्हणून पुष्कळ लोहार हे काम अंधाऱ्या जागेत करतात. शेवटी पाते पुन्हा 150 ते 200 अंशांच्या आसपास हलके तापवतात, त्यामुळे त्याचा ठिसूळपणा कमी होतो. रॉकवेल मापावर अशा पात्याचा कठीणपणा 60 ते 65 भरतो. युरोपातील नेहमीच्या सुऱ्यांचा तो साधारण 56 ते 58 असतो.

निगा कशी ठेवावी

1. काम संपताच सुरी हाताने धुवावी आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसावी. कांदा, लिंबू, चिंच, टोमॅटो चिरताना तर मधूनमधून पुसत राहावे.

2. बरेच दिवस वापरायची नसेल तर पात्याला तेलाचा पातळ हात द्यावा. जपानमध्ये कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरतात. खाद्यपदार्थांना चालणारे खनिज तेलही चालते.

3. वापराने पात्यावर निळसर काळपट थर येतो. तो दोष नव्हे. तो गंजाला काही अंशी अडवतो. तांबडा गंज मात्र दिसताच खाण्याच्या सोड्याने घासून काढावा.

4. लाकडी फळीवरच कापावे. काच, फरशी किंवा स्टीलच्या ताटावर धार मरते.

5. हाड, नारळाची करवंटी, बर्फात गोठलेले मटण यांवर ही सुरी कधीही चालवू नये. कापताना पाते पिळू नये. कठीण धारेचा कपचा उडतो. हाडासाठी आपला सत्तूरच योग्य.

शिकलगार बांधवांसाठी

अशी सुरी धारेसाठी आली तर विजेच्या कोरड्या चाकावर लावू नका. पात्याची कड क्षणात तापते. त्यावर निळा रंग आला की तेथे उष्णता 300 अंशांच्या आसपास गेली असे समजावे. लोहाराने दिलेले पाणी तेथे उतरले, आणि तेवढा भाग घासून टाकण्याशिवाय इलाज उरत नाही. गिऱ्हाइकाची महागडी सुरी आणि आपले नाव, दोन्ही एका फेऱ्यात जाते.

काम पाण्याच्या दगडावर करावे. आधी 1000 नंबरचा दगड, नंतर 3000 ते 6000 नंबरचा. पाते दगडाशी सुमारे 15 अंश कलते धरून एका बाजूने घासावे. पूर्ण लांबीभर दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत कड बोटाला लागली की बाजू बदलावी. शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने ती कड काढावी. दगडाला खळगा पडला तर तो आधी सपाट करून घ्यावा.

काही जपानी सुऱ्यांना एकाच बाजूने धार असते आणि मागची बाजू किंचित पोकळ असते. त्यांची उतरती बाजूच घासावी. मागची बाजू बारीक दगडावर सपाट ठेवून फक्त टेकवावी.

दुकानदाराने काय घ्यावे?

ही सुरी विकताना जाणता दुकानदार आधी सांगतो की ती गंजते, काळी पडते आणि हाडावर चालत नाही. हे ऐकून काही गिऱ्हाइके परत जातात. जे घेतात ते मात्र निगा राखतात, पुन्हा धार लावायला येतात आणि चार जणांना दुकान दाखवतात. हेच न सांगता माल विकला तर आठवड्याभरात गंजलेली सुरी आणि संतापलेला माणूस दोन्ही दारात उभे राहतात.

मालाची उणीव झाकली तर तो दोष होतो. आधीच सांगितली, निगा शिकवली, तर तीच मालाची ओळख होते. चामडे, पितळ, लाकूड, हातमाग यांपैकी कोणताही धंदा असो, हातच्या मालाची अशी एखादी उणीव असतेच. ती कोणती व तिची निगा कशी ठेवावी, हे चार ओळींत लिहून मालासोबत द्यावे. कागदाला खर्च थोडा येतो, पण गिऱ्हाईक टिकते.