उद्याचा शेतकरी किती शिकलेला असेल? शिक्षणनिहाय लोकसंख्या प्रक्षेपण आणि कृषी विस्तार

वाण, खते व कीडनाशके यांचे नियोजन आपण येत्या हंगामाकडे पाहून करतो. विस्तारकार्याला मात्र वीस-पंचवीस वर्षे पुढे पाहावे लागते, कारण ज्यांना सल्ला द्यायचा ती माणसेच या काळात बदलतात. २०३६ मध्ये आपला सल्ला वाचणारे किती असतील आणि केवळ ऐकणारे किती, या प्रश्नाचे उत्तर शिक्षणनिहाय लोकसंख्या प्रक्षेपणातून बऱ्याच अंशी मिळते.

पद्धतीचे तत्त्व

कीडशास्त्रातील जीवनसारणी विस्तार कार्यकर्त्यांना परिचित आहे. शेतात आज तिसऱ्या अवस्थेतील अळ्या किती आहेत आणि प्रत्येक अवस्थेत किती मरतात हे कळले, तर पुढे कोष व पतंग किती होतील याचा अंदाज बांधता येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ पी. एच. लेस्ली यांनी १९४५ मध्ये वयोगटांचे हेच गणित मॅट्रिक्सच्या रूपात मांडले आणि उदाहरणादाखल तपकिरी उंदरांची आकडेवारी वापरली. मानवी लोकसंख्येचे प्रक्षेपणही याच तत्त्वावर चालते. प्रत्येक वयोगट पुढे सरकवायचा, त्यातून मृत्यू वजा करायचे, जन्म मिळवायचे आणि स्थलांतराचा हिशेब करायचा.

व्हिएन्नाजवळील लॅक्सेनबर्ग येथील आंतरराष्ट्रीय उपयोजित प्रणाली विश्लेषण संस्थेतील वोल्फगांग लुट्झ, समीर के. सी. आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वय व लिंग यांच्या जोडीला शिक्षण हा घटक घेतला. त्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, जन्म व मृत्यूचे प्रमाण शिक्षणानुसार बदलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शाळेत न गेलेल्या भारतीय स्त्रियांचा एकूण जननदर २.८ होता, तर बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचा १.८. दुसरे कारण असे की, औपचारिक शिक्षण बहुधा पंचविशीपर्यंत पूर्ण होते आणि त्यानंतर फारसे बदलत नाही. म्हणून २०५० मधील पन्नाशीच्या पिढीचे शिक्षण आजच जवळपास ठरलेले आहे.

सरासरीचा धोका

२०१८ मध्ये समीर के. सी. व सहकाऱ्यांनी भारतासाठी राज्य, ग्रामीण-शहरी वास्तव्य, वय, लिंग आणि शिक्षण अशा पाच घटकांचे प्रक्षेपण प्रसिद्ध केले. त्याचा निष्कर्ष उद्बोधक आहे. संपूर्ण देश एकच मानून केलेल्या गणितापेक्षा राज्यनिहाय गणितात भावी लोकसंख्या अधिक येते, कारण जास्त जननदराच्या राज्यांचे वजन काळानुसार वाढत जाते. शिक्षणनिहाय गणितात ती कमी येते, कारण शिकलेल्या स्त्रियांचे प्रमाण वाढत जाते.

राज्याराज्यांतील तफावत लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार स्त्री साक्षरता महाराष्ट्रात सुमारे ७६ टक्के, तर राजस्थानात सुमारे ५२ टक्के होती. एका शहराच्या आतही असेच घडते. जयपूरच्या जवाहर नगरात आखीव वसाहत आणि कच्ची वस्ती एकाच नावाखाली नांदतात. दोहोंची मिळून काढलेली सरासरी दोन्हींपैकी कोणाचेही खरे चित्र दाखवत नाही. गावाची सरासरीही अशीच फसवी असू शकते.

गावपातळीवरील उदाहरण

पुढील आकडे केवळ गणित समजण्यासाठी घेतले आहेत. एका गावात शेतीत राबणाऱ्या ३०० व्यक्ती आहेत. कंसातील संख्या सफाईने वाचू न शकणाऱ्यांची आहे.

| वयोगट | आज | २० वर्षांनी |
|---|---|---|
| २०–३९ | १०० (१०) | १०० (२) |
| ४०–५९ | १०० (४०) | ९० (९) |
| ६०–७९ | १०० (७०) | ७० (२८) |
| एकूण | ३०० (१२०) | २६० (३९) |

न वाचणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर येते. हा बदल प्रौढांना शिकवल्यामुळे झालेला नाही, एका पिढीची जागा दुसरीने घेतल्यामुळे झाला आहे. शिवाय उरलेल्या ३९ पैकी २८ जण साठीपुढचे आहेत.

आता ४०–५९ वयोगटात आलेल्यांपैकी ४० शिकलेले तरुण दरम्यान शहरात गेले असे धरू. मग एकूण २२० पैकी ३९, म्हणजे सुमारे १८ टक्के, वाचू न शकणारे राहतात. शेती सोडणाऱ्यांत शिकलेल्यांचे प्रमाण अधिक असेल, तर देशाची लोकसंख्या जितक्या वेगाने सुशिक्षित होते तितक्या वेगाने शेतावरचे मनुष्यबळ होत नाही. राष्ट्रीय आकडा जसाच्या तसा गावाला लावू नये, तो यासाठी.

विस्तारकार्यासाठी अर्थ

हा प्रश्न थेट सुरक्षिततेशी निगडित आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. निरक्षरता हे त्याचे एकमेव कारण नव्हते. कीडनाशकांची मिश्रणे, उंच वाढलेली कपाशी आणि संरक्षक साधनांचा अभाव हीदेखील कारणे होती. परंतु डब्यावरील सूचना फवारणाऱ्यापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न त्या घटनेने ठळक केला. डबा विकत घेणारा आणि फवारणी करणारा मजूर पुष्कळदा वेगवेगळे असतात, आणि त्यांचे शिक्षणही वेगळे असते.

यावरून पुढील बाबी सुचतात.

१. गावातील शेतकरी व शेतमजूर यांची वय, लिंग आणि शिक्षण यांनुसार साधी नोंद ठेवावी. पाच वर्षांनी ती पुन्हा घ्यावी.

२. मोबाइलवरील लिखित सल्ला वाढवावा, पण प्रात्यक्षिक व शेतीशाळा बंद करू नयेत. २०११ मध्ये पंचविशीत असलेली, शाळेत न गेलेली स्त्री २०३६ मध्ये पन्नास वर्षांची असेल आणि बहुधा शेतातच असेल.

३. लेबलवरील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे त्रिकोण उतरत्या क्रमाने विषारीपणा दाखवतात. हा क्रम फवारणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असावा.

४. शिकलेल्या तरुणांना केवळ औषधाचे नाव सांगून थांबू नये. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी आहे. सापळ्यांतील पतंग मोजून सरासरी काढणे व निर्णय घेणे त्यांच्याकडे सोपवावे.

शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या वर्षी सहा वर्षांचे असलेले मूल २०३६ मध्ये बत्तीस वर्षांचे असेल. ही पिढी शेतीचे निर्णय हाती घेत असताना तिच्या आईवडिलांची पिढीही बांधावर असेल. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिची शिक्षणनिहाय आकडेवारी हाती आल्यावर प्रत्येक तालुक्याने स्वतःचे प्रक्षेपण मांडावे आणि विस्ताराचा आराखडा त्यानुसार आखावा.