सिव्हिल इंजिनिअरने वकिली करावी का?

"सिव्हिलची चार वर्षं झाली, आता पुन्हा तीन वर्षं एलएलबी? मग एवढा खर्च कशासाठी केला?" म्हैसूरच्या एनआयई किंवा एसजेसीई या इंजिनिअरिंग कॉलेजांत मुलं शिकलेल्या मराठी घरांत हा प्रश्न उठणं स्वाभाविक आहे. पण बांधकाम कायद्याच्या वकिलीत ती चार वर्षं वाया जात नाहीत, तेच भांडवल ठरतं.

कंत्राटदाराचा वाद कोर्टात पोहोचण्याआधी साइटवरच्या कागदांत घडलेला असतो. समजा, एखाद्या लहान कंत्राटदाराने कालव्याचं सरकारी काम घेतलं. भूसंपादन अडलं, जागा उशिरा ताब्यात आली, पावसाळा आडवा आला, मुदत संपली आणि खात्याने दंड लावून बिल अडवलं. वकील विचारतो: जागा कोणत्या तारखेला मिळाली? त्याच वेळी पत्र दिलं होतं का? मोजमाप पुस्तकात नोंद कोणाच्या सहीने आहे? मुदतवाढ केव्हा मागितली? ज्याने साइट पाहिली आहे त्याला या उत्तरांतली गोम लगेच दिसते.

कायदाही कंत्राटदाराला वाटतो तितका निष्ठुर नाही. 1872 च्या करार कायद्यातील कलम 74 नुसार करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. बिल सुटावं म्हणून "आता काही येणं नाही" अशा कागदावर अनेकजण सही करतात. तशी सही दबावाखाली घेतली असेल, तर लवादाचा मार्ग आपोआप बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बोघारा पॉलिफॅब प्रकरणात 2008 मध्ये सांगितलं. मात्र दबाव सिद्ध करावा लागतो, आणि ते फार कठीण असतं. म्हणून माझं ठाम मत आहे, की या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम सहीच्या आधीचा सल्ला हेच आहे. खटला जिंकण्याचं नाव होतं, पण कंत्राटदाराचं घर वाचतं ते वेळेवर लिहिलेल्या पत्राने.

म्हैसूरला काम मिळेल का? पुण्यात शिकलेले विश्वेश्वरय्या 1909 मध्ये म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले, 1911 मध्ये कृष्णराजसागर धरणाचं बांधकाम सुरू झालं, आणि पाटबंधारे, रस्ते, लेआउट यांची कामं इथे आजही चालतात. मोठे लवाद मात्र बंगळुरूला चालतात, तिथे ये-जा करावी लागेल. शिवाय 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने केंद्राच्या अखत्यारीतील सरकारी करारांतला लवाद साधारणपणे 10 कोटींखालच्या वादांपुरता ठेवावा, असं सांगितलं. त्यामुळे मध्यस्थी आणि दिवाणी खटला दोन्ही शिका.

पालकांनी पहिली काही वर्षं घरून आधार द्यायची तयारी ठेवावी; ज्युनिअरची कमाई तुटपुंजी असते. म्हैसूरच्या जेएसएस, शारदा विलास किंवा विद्यावर्धक लॉ कॉलेजात शिकता येतं. सनदेबरोबरच ऑल इंडिया बार परीक्षाही उत्तीर्ण करावी लागते. जिल्हा न्यायालयात कन्नडशिवाय भागत नाही, हे मराठी मुलांनी आत्ताच मनावर घ्यावं.

प्रवेशाआधी एक करून पाहा. कर्नाटकच्या सरकारी खरेदी पोर्टलवरून एखादी निविदा उतरवून घ्या आणि मुदतवाढ, दंड, वादनिवारण ही कलमं सावकाश वाचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावीशी वाटली, तर फॉर्म भरा.