काच दाबली तर काय होते?

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा कंदिलाची काच पुसताना फुटली. मागच्या रांगेतले एक शेतकरी दादा म्हणाले, "गुरुजी, बोटानं जरा दाबली तर ही फुटती. मग हिच्यावर डोंगर ठेवला तर?" सगळे हसले. मी हसलो नाही. प्रश्न मोलाचा होता.

काच दाबाने सहसा फुटत नाही. ती फुटते ताणाने. एका बाजूने दाबले की काच वाकते, आणि दुसरी बाजू ताणली जाते. तिथे डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर असतेच. ती उघडली की काच गेली! पण चोहोबाजूंनी सारखी आवळली, तर चिरेचे तोंड उघडणार कसे? अशी काच फार मोठा दाब सोसते.

आता ती आतून कशी असते ते पाहू. गारगोटी आणि शुद्ध वाळूची काच एकाच जातीच्या. दोन्हींत सिलिकॉनचा एक कण आणि त्याच्याभोवती प्राणवायूचे चार कण, अशी जुळणी असते. गारगोटीत ही जुळणी विटांसारखी ओळीने रचलेली. काचेत मात्र बाभळीच्या काट्यांचा ढीग पडावा तशी, एकमेकांत अडकलेली आणि मध्ये पुष्कळ पोकळी. म्हणून ज्या भांड्यात १ किलो पाणी मावते, तेवढ्या जागेतली गारगोटी सुमारे २ किलो ६५० ग्रॅम भरते, आणि ही काच २ किलो २०० ग्रॅमच.

काट्यांच्या ढिगावर हाताने दाब द्या. ढीग खाली जातो, हात काढला की वर येतो. पण त्याच्यावर मोठा धोंडा टाकला तर? काट्या एकमेकींत घुसतात, आणि धोंडा काढला तरी ढीग बसलेलाच राहतो.

काचेचेही तसेच होते. अमेरिकेत पर्सी ब्रिजमन नावाचे शास्त्रज्ञ होते. दाबाच्या अभ्यासाबद्दल त्यांना १९४६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सत्तरी ओलांडल्यावरही हा गृहस्थ काम करीतच होता! १९५३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने काचेच्या पातळ चकत्या अतिशय कठीण अशा दोन ऐरणींमध्ये दाबल्याचा वृत्तांत छापला. दाब हवेच्या दाबाच्या लाखपटीवर. म्हणजे किती? नखाएवढ्या जागेवर क्विंटलची हजार पोती! दाब काढल्यावरही काच पहिल्या मापावर आली नाही. पुढे इतरांनी आणखी दाबून पाहिले. तेवढ्याच जागेतली काच २ किलो ६०० ग्रॅमपर्यंत भरू लागली, जवळजवळ गारगोटीइतकी. पोकळी मिटली, कणांचे हात सुटून नव्या जागी जुळले.

याहून फार मोठ्या दाबाखाली सिलिकॉनच्या एका कणाभोवती चाराऐवजी सहा शेजारी जमतात. दाब गेला की पुन्हा चारच. खिडकीच्या काचेत सोडा असतो. तो पोकळीत आधीच बसलेला असल्यामुळे ती काच इतकी दबत नाही.

"पण गुरुजी, एवढा दाब आपल्या गावात कुठला?" दादांनी विचारले. आहे ना! पायात काटा का रुततो? टोक बारीक, म्हणून थोडा भारही तिथे मोठा दाब होतो. काच कापणाऱ्याची हिरकणी पाहिली असेल. तिच्या टोकाखाली काच तेवढ्यापुरती अशीच दबते. दबायला जागा असली तर तडा उशिरा जातो. गंमत अशी, की आधीच दाबून ठेवलेली काच जास्त कठीण होते. पण तिला आणखी दबायला जागा उरत नाही. म्हणून अशा पुष्कळ काचांना टोक लावले की तडा लवकर जातो.

दाबलेली काच पुन्हा पूर्वीसारखी करायची असेल, तर ती वितळवावी लागत नाही. भट्टीत लाल होईपर्यंत तापवली की ती हळूहळू फुगते आणि आपल्या जुन्या मापावर येते.