थाळी पायांनी फेका!

शालेय मैदानी स्पर्धा जवळ आल्या की गावोगावच्या मैदानांवर थाळीफेकीचा सराव सुरू होतो. पुष्कळदा हाताशी एकच थाळी असते, तीही मोठ्या माणसांची, २ किलोची. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा तीच उचलतो, कंबरेला हिसका देऊन जोर लावतो आणि चार दिवसांत खांदा धरून बसतो. घरचे म्हणतात, ‘ताकद कमी पडते, दूध वाढवा.’ चूक बहुधा ताकदीत नसतेच. ती थाळीच्या निवडीत आणि फेकण्याच्या रीतीत असते.

थाळी कोणती घ्यावी?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पुरुषांची थाळी २ किलोची, २० वर्षांखालील मुलांची १.७५ किलोची आणि १८ वर्षांखालील मुलांची १.५ किलोची असते. महिला व मुलींची १ किलोची. याहून लहान मुलांनी १ किलोची किंवा त्याहून हलकी थाळी वापरावी. शालेय स्पर्धेसाठी कोणती थाळी आहे, ते क्रीडाशिक्षकांना आधी विचारून घ्यावे. आकारही महत्त्वाचा आहे. २ किलोची थाळी सुमारे २२ सें.मी. रुंद असते, १ किलोची १८ सें.मी. लहान हातात मोठी थाळी नीट बसत नाही. मग मूल मनगट आवळते आणि सगळा भार खांद्यावर येतो.

फेकण्याची रीत

थाळी मुठीत धरायची नसते. बोटे किंचित फाकवून त्यांची फक्त शेवटची पेरे कडेवर टेकवावीत. अंगठा थाळीवर मोकळा असावा. थाळी हातातून सुटताना शेवटी तर्जनीवरून गेली पाहिजे. ती करंगळीकडून सुटली तर हवेत फडफडते आणि जवळच पडते. यावर सोपा सराव आहे: थाळी उभी धरून तर्जनीवरून जमिनीवर सरळ घरंगळत सोडावी.

नंतर जागेवरून फेक शिकावी. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजव्या पायावर भार घ्यावा. आधी उजवा पाय व कंबर वळावी, मग छाती, आणि हात सर्वांत शेवटी यावा. डावा पाय घट्ट रोवावा. डावखुऱ्यांनी हेच उलट करावे. हे जमल्यावरच गिरकी घ्यावी. गिरकीची घाई केली की पाय मागे राहतात आणि कंबर पिळवटते.

दुखापत टाळण्यासाठी

सरावापूर्वी १०-१५ मिनिटे हलके धावणे व खांदे, कंबर मोकळी करण्याचे व्यायाम करावेत. सुरुवातीला दिवसाला वीसेक फेकी पुरेत. मध्ये एखादा दिवस विश्रांती हवी. ओली थाळी पुसून घ्यावी. इतरांनी फेकणाऱ्याच्या मागे, दूर उभे राहावे. थाळी आणायला सर्वांच्या फेकी संपल्यावरच जावे.

वाढत्या वयातल्या मुलाची कंबर दोन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, विशेषतः मागे वाकताना, तर तेल चोळत बसू नये. वारंवारच्या ताणाने मणक्याला बारीक तडा गेलेला असू शकतो. पायाला मुंग्या येत असतील किंवा पायातली ताकद कमी वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वेळीच विश्रांती मिळाली तर बहुतेक मुले पुन्हा मैदानावर उतरतात. एक स्पर्धा हुकली तरी चालेल; पाठ आयुष्यभर लागते.