उत्तरेकडील बेटांची लॅटिन नावे

ब्रिटनच्या उत्तरेस व वायव्येस असलेल्या द्वीपसमूहांची नावे प्रथम ग्रीक व लॅटिन ग्रंथांत आढळतात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मासिलिया, म्हणजे हल्लीचे मार्सेय, येथील पिथिअस नावाचा ग्रीक प्रवासी या समुद्रात गेला होता. त्याचा ग्रंथ नष्ट झाला असून इतरांनी केलेल्या उल्लेखांवरूनच तो ज्ञात आहे. ब्रिटनपासून सहा दिवसांच्या जलप्रवासावर 'थुले' हे बेट आहे, असे त्याने लिहिले होते. पुढे टॅसिटसने सांगितलेले, रोमन आरमाराने दुरून पाहिलेले थुले बहुधा शेटलंड असावे, तर इ. स. 825 मध्ये डिकुइल या आयरिश भिक्षूने तेच नाव आइसलंडला दिले. नाव टिकले, स्थान मात्र सरकत राहिले.

ऑर्कनीचे लॅटिन नाव 'ऑर्केडीस'. पहिल्या शतकात मेलाने या बेटांची संख्या 30 दिली, प्लिनीने 40. या नावाच्या मुळाशी डुक्कर या अर्थाचा केल्टिक शब्द असावा व ते एखाद्या जमातीचे नाव असावे, असे विद्वान मानतात. नंतर आलेल्या नॉर्वेच्या लोकांना त्यात स्वभाषेतील सीलवाचक शब्द दिसला. त्यास त्यांनी बेट या अर्थाचा 'एय' जोडला. अशा रीतीने डुकराचा सील झाला!

हेब्रिडीजची कथा याहून विलक्षण आहे. प्लिनीच्या ग्रंथात हे नाव 'हेबुडेस' असे आहे. लॅटिन लिपीतील 'यू' हे अक्षर दोन उभ्या रेघांचे. 'आर' आणि 'आय' जवळजवळ लिहिले असता तसेच दिसतात. नक्कल करताना एकाच्या जागी दुसरे वाचले गेले आणि 'बु' चा 'ब्रि' झाला. मुद्रणाने तो प्रमाद कायम केला. त्या बेटांवरील गेलिक भाषेत हे नाव नाही; ते लोक आपल्या बेटांना निराळ्याच नावाने ओळखतात.

याच समूहातील आयोना बेटाचेही तसेच झाले. तेथील मठाधिपती अ‍ॅडम्नान याने सातव्या शतकाच्या अखेरीस संत कोलंबाचे चरित्र लिहिले. त्यात बेटाचे नाव 'इओउआ' असे आहे. त्यातील 'यू' कोणी उलटा, म्हणजे 'एन' असा वाचला व 'इओना' हे रूप रूढ झाले. 'कोलंबा' म्हणजे लॅटिनमध्ये पारवा, आणि हिब्रू भाषेत पारव्यास 'योना' म्हणतात. हे साम्य अ‍ॅडम्नाननेच संताच्या नावासंबंधी नोंदविले होते. त्यामुळे हे चुकीचे रूप कोणास खटकले नसावे.