झाड लावण्याआधी सातबारा वाचा

गावची मोकळी जमीन राखायची म्हणून चार माणसं गोळा झाली की पहिली चर्चा रोपांची निघते. कुठली लावायची, खड्डे कधी मारायचे, पहिलं रोप कोणाच्या हस्ते लावायचं. आमच्या कसालमध्येही तसंच झालं. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला आणि रस्त्याकडेची जुनी, सावलीची झाडं गेली. मालवणच्या फाट्यावर उन्हात एसटीची वाट बघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तोच विषय होता. त्या हळहळीतून आम्ही काही जण एकत्र आलो आणि गावातल्या मोकळ्या जागा, व्हाळाचे काठ आणि देवाची राई सांभाळायचं मनावर घेतलं.

त्यातलं काय फसलं आणि काय टिकलं, ते इथे सांगतो. कोकणात आता गावोगाव असे गट उभे राहत आहेत आणि त्यांचे कष्ट त्याच त्याच ठिकाणी वाया जाताना दिसतात. सार्वजनिक जमीन लागवडीने वाचत नाही, राखणीने वाचते. आणि राखण करायची तर जमीन कोणाची, ती कोण वापरतं आणि तिच्यावर आधीपासून काय उगवतं, एवढं तरी आधी ठाऊक पाहिजे.

मोकळी म्हणजे गावची नव्हे

सड्याच्या कडेचा एक उतार सगळा गाव ‘गावचा’ म्हणून ओळखायचा. गुरं तिथे चरायची, पोरं क्रिकेट खेळायची. पावसाच्या तोंडावर तिथे रोपं लावली, भोवती काट्यांची वई केली, पुढे उन्हाळ्यात घागरीने पाणी घातलं. मे महिन्यात चाकरमानी गावी आले आणि त्यातल्या एका घराने सातबारा समोर ठेवला. पानभर नावं होती. बरीच माणसं मयत, बाकीची मुंबई-ठाण्यात. जमीन सामाईक आणि खाजगी. वाटपाचा जुना वाद मिटलेला नव्हता, त्यात आमच्या रोपांमुळे ताबा कोणाचा हा नवा प्रश्न उभा राहिला. त्या घरच्या माणसांचं काहीच चुकलं नव्हतं. रोपं काढावी लागली, आणि भर उन्हाळ्यात उपटलेलं रोप पुन्हा लागत नाही.

म्हणून पहिलं काम कागदाचं. गट नंबर काढा, महाभूलेखवर सातबारा बघा आणि नंतर तलाठ्याकडे जाऊन खात्री करा. भोगवटादाराचं नाव वाचून थांबू नका. ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटपर्यंत वाचा. आपल्या सिंधुदुर्गात त्या रकान्यातला एक शब्द सगळं काम फिरवू शकतो. कुठे ‘देवस्थान’ असतं, कुठे ‘आकारीपड’, कुठे ‘वनसंज्ञा’. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, मालकी कोणाचीही असली तरी वन म्हणून नोंद असलेल्या जमिनीला १९८० चा वन संवर्धन कायदा लागू होतो. अशा जागेवर चांगल्या हेतूने केलेला रस्ता, कमान किंवा सिमेंटचा चौथरादेखील अडचणीत आणतो.

सरकारी पडीक जमिनींची यादी गाव नमुना १-ब मध्ये असते आणि अतिक्रमणांची नोंद १-ई मध्ये. हे दोन नमुने मागून घ्या. गुरचरण सरकारच्या मालकीचं असतं, ग्रामपंचायत त्याची व्यवस्था बघते, हा फरकही ध्यानात ठेवा. हद्द नक्की नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून दगड रोवून घ्या. मोजणीचे पैसे ग्रामपंचायतीने भरावेत यासाठी खटपट करावी लागते, पण हद्दीचा दगड रोवलेला असला की शेजारचा बांध दरवर्षी हातभर पुढे सरकत नाही.

सड्याला ओसाड म्हणू नका

दुसरा धडा एका म्हाताऱ्या गुराख्याने दिला. सड्यावर पहारीने खड्डे मारायला सुरुवात केली होती. कातळावर पहार आपटली की ठिणगी उडते, हाताला झिणझिण्या येतात आणि वीतभर खोदायला सकाळ जाते. तो गुरं घेऊन तिथून चालला होता. थांबला आणि म्हणाला, “हय खड्डे मारू नकात. हयचा पाणी खालच्या बावीत जाता.” आम्ही पहार खाली ठेवली आणि त्याच्यामागून सडा फिरलो. कुठे पाणी साचतं, कुठे मुरतं, कुठली भेग कुठल्या बावीची, हे त्याला पाठ होतं.

जांभ्याचा सडा पावसाचं पाणी पितो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना ते सावकाश सोडतो. उन्हाळ्यात करपलेला दिसतो म्हणून तो ओसाड नसतो. पहिल्या पावसानंतर दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही वनस्पती कोकणातल्या सड्यांवरच आढळते. पुढे श्रावणात सीतेची आसवं, दवबिंदू अशा कीटकभक्षी वनस्पती पातळशा मातीत उगवतात. कातळावरच माणसाने हजारो वर्षांपूर्वी चित्रं कोरून ठेवली. २०२२ साली कोकणातली जी नऊ कातळशिल्पस्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात आपल्या मालवण तालुक्यातलं कुडोपी आहे. अशा जागेवर जेसीबी फिरवून खड्डे मारणं म्हणजे संवर्धनाच्या नावाखाली नासधूस.

त्यात फुकट मिळणारी रोपं बहुतेक आकेशियाची. ते झाड झपाट्याने वाढतं, फोटोत हिरवं दिसतं, पण त्याच्याखाली गवत धड येत नाही आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. एका योजनेतून आलेली अशी रोपं आम्ही नम्रपणे परत केली. त्याऐवजी सड्याच्या उतारावर तोडलेल्या ऐन-किंजळीच्या बुंध्यांना आलेले फुटवे राखले. एका बुंध्यावर दहा फुटवे असले तर जोमदार दोन-तीन ठेवायचे, बाकीचे कोयतीने उतरवायचे, आणि रानमोडी बी धरण्याआधी मुळासकट काढायची. मुळं आधीच खोल गेलेली असल्याने या झाडांना पाणी घालावं लागत नाही. तेवढ्याच मेहनतीत लावलेल्या रोपांपेक्षा राखलेले फुटवे कितीतरी जास्त जगले.

गुरं बाहेर ठेवायची घाईही करू नका. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं वाचवायला तारेचं कुंपण घातलं होतं. गुरांची ये-जा थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशा तक्रारी येऊ लागल्या. अखेर ते कुंपण काढण्यात आलं. ज्याची गुरं त्या जमिनीवर चरतात तो तुमचा पहिला राखणदार आहे. त्याला बैठकीला बोलवा आणि आधी त्याचं ऐका.

राईत झाडू नको

राईची साफसफाई हा उत्साही मंडळींचा आवडता कार्यक्रम. पाचोळा झाडायचा, गारंबीचे वेल तोडायचे, मेलेलं खोड ओढून बाहेर काढायचं आणि सगळ्याला काडी लावायची. देवाच्या पुढचं अंगण झाडावं, त्यात गैर काही नाही. पण राईतला पाचोळा हीच राईची माती. तो हलवला की ओल गेली, किडे गेले, रुजवा गेला. जुन्या पोकळ झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेऊन पिल्लं वाढवते. ते झाड ‘धोकादायक’ म्हणून पाडलं तर त्या जोडीला दुसरी ढोली सहज मिळत नाही. राईतून आपण फक्त प्लॅस्टिक, बाटल्या आणि फोटोंच्या फुटक्या काचा काढायच्या. तेवढंही भरपूर असतं.

राईबद्दल काहीही ठरवायचं तर मानकऱ्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये. गावऱ्हाटीला मान देऊन, देवाला गाऱ्हाणं घालून सुरू झालेल्या कामाला गाव हात लावतो. जीर्णोद्धार निघाला की सभामंडप, वाहनतळ, पेव्हर ब्लॉक यांसाठी झाडांवर कुऱ्हाड येते. अशा वेळी गावकीत उभं राहून भांडण्यापेक्षा नकाशा काढायच्या वेळीच मंडप चार पावलं सरकवायला सांगणं जास्त उपयोगी पडतं.

राखलेली राई काय देते याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे गावाने देवाची म्हणून राखलेल्या पाणथळ राईत रानटी जायफळाच्या कुळातली दुर्मिळ झाडं उभी आहेत. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली त्यांची मुळं बघितली की माणूस थक्क होतो. संशोधकांनी ती नोंदवली आणि २०२१ साली २.५९ हेक्टरची ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आधी पिढ्यान्‌पिढ्यांची राखण, मग नोंद, मग सरकारी शिक्का, असा तो क्रम आहे.

कचरा आणि वणवा

फाट्याचं गाव म्हटलं की कचरा आलाच. रात्री गाड्या थांबतात आणि कोंबड्यांची घाण, बांधकामाचा राडारोडा व्हाळात ओतून जातात. आम्ही उचलत राहिलो, लोक टाकत राहिले. फरक पडला तो व्हाळाकडे उतरणारी गाडीची वाट बंद झाल्यावर. ग्रामपंचायतीच्या ठरावाने तिथे चर खणला, मोठे दगड लावले, गुरांना आणि माणसांना जाण्यापुरती फट ठेवली. साफसफाई करण्याआधी वाट अडवा. टाकणारा सापडला तर हातघाईवर येऊ नका. तारखेसह फोटो घ्या, लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा. पोच नसलेला अर्ज कोणी दिलाच नव्हता, असं धरलं जातं.

वणव्याची तयारी जानेवारीतच झाली पाहिजे. गवत वाळायला लागलं की बैलगाडी सुटेल एवढा रुंद पट्टा राखलेल्या जागेभोवती साफ करायचा आणि मेपर्यंत तो पुन्हा पुन्हा झाडत राहायचा. ज्यांच्या शेतात तरव्यासाठी भाजावळ होते त्यांच्याकडे आधी जाऊन यायचं. भाजावळ संध्याकाळी, वारा पडल्यावर करा, आम्ही पाणी आणि टाळे घेऊन येतो, असं सांगितलं की कोणी नाही म्हणत नाही. वणवा लागल्यावर धावणारे पुष्कळ असतात. जानेवारीच्या उन्हात पट्टा झाडणारे थोडे. तुमचा गट किती पक्का आहे ते त्या महिन्यात कळतं.

काम गावाच्या नावावर चढवा

माणसं थकतात, नोकरीला जातात, निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभी राहतात. त्यामुळे काम गटाच्या नावावर ठेवू नका. फलकावर कोणाचंही नाव नको, पक्षाचं तर नकोच. वर्गणी आली तर पावती फाडा आणि हिशेबाची वही बैठकीत उघडी ठेवा. दरवर्षी झेपेल तेवढीच जागा हातात घ्या आणि ती तीन-चार वर्षं सोडू नका.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरायचा कंटाळा करू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. बहुतेक ठिकाणी समिती कागदावर असते. तिच्यात गुराखी, वैदू, मासे पकडणाऱ्या बाया, मानकरी यांना बसवा आणि तुमचा सडा, राई, व्हाळ त्या वहीत नावानिशी उतरवा. अतिक्रमणाच्या बाबतीत २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना करा, असं त्यात सर्व राज्यांना बजावलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख केला की टेबलापलीकडचा माणूस कागद नीट वाचतो.

धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने जंगल राखलं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यामागे तीन दशकांहून जास्त काळ पाळलेले गावाचे नियम आहेत. नियम गावाने केले, म्हणून गावाने पाळले. आपल्यालाही दुसरी वाट नाही.

येत्या ग्रामसभेला जरूर जा. रोपवाटपाची मागणी करू नका. उभं राहून एवढंच म्हणा: गावच्या सरकारी आणि गुरचरण जमिनींची यादी मोठ्याने वाचून दाखवा, आणि हे इतिवृत्तात लिहून घ्या. ज्या गावाला आपली जमीन किती आणि कुठे हे माहीत असतं, त्याच गावाची जमीन शिल्लक राहते.